नाव कुणी ठेवायचे?

इतिहास शिकवताना आपण राजांच्या सनावळ्या सांगतो, लढाया आणि तह सांगतो. माणसांची नावे मात्र आपण केवळ ओळखीची खूण म्हणून वाचतो आणि पुढे जातो. वस्तुतः नाव हे समाजव्यवस्थेने माणसाच्या देहावर केलेले पहिले लेखन असते. मूल बोलू लागण्याआधीच ते पूर्ण झालेले असते, आणि ज्याच्यावर ते केले त्याला त्यात मत नसते. म्हणून कोणत्याही समाजाची परीक्षा करताना तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. नाव कोण देतो? ते कोण राखतो? आणि ते नाकारण्याचा अधिकार कुणाला आहे?

हे तीन प्रश्न मी या लेखात एका अशा जगाला विचारणार आहे, जे पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नाही. अमेरिकन लेखिका उर्सुला ल ग्विन (१९२९–२०१८) यांनी ‘अर्थसी’ नावाचे शेकडो बेटांचे जग कल्पिले. १९६४ साली दोन लघुकथांतून त्याची सुरुवात झाली. पुढे १९६८ साली ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, १९७१ साली ‘द टूम्ब्ज ऑफ अतुआन’, १९७२ साली ‘द फार्देस्ट शोअर’, मग दीर्घ खंडानंतर १९९० साली ‘तेहानू’ आणि २००१ साली ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ व ‘दि अदर विंड’ अशी ही मालिका विस्तारत गेली. काही मित्र म्हणतील की आपल्यापुढे जळते प्रश्न असताना जादूगारांच्या आणि ड्रॅगनांच्या गोष्टींत वेळ का घालवायचा? माझे उत्तर असे की कल्पित समाज रचणाऱ्याला प्रत्येक रूढी स्वतः ठरवावी लागते. ‘पूर्वापार चालत आले’ हे निमित्त तिथे चालत नाही. म्हणूनच सत्ता नावातून कशी वाहते हे अशा जगात उघडेवाघडे दिसते. आणि या विशिष्ट जगाच्या पायाशी एक खरा, रक्ताळलेला इतिहासही आहे. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

प्रथम तिथली रूढी समजून घेऊ. अर्थसीच्या बहुतेक बेटांवर माणसाला एक नाव पुरत नाही. जन्मल्यावर आई एक नाव ठेवते. ते बालपणापुरते असते. गाँट बेटावरच्या एका खेड्यातील तांबट-लोहाराच्या घरी जन्मलेल्या मुलाचे असे नाव ‘डनी’. त्याची आई तो वर्षाचा होण्यापूर्वीच मरते. शेळ्या राखताना तो शिकारी पक्ष्यांना हाक मारून खाली उतरवतो, म्हणून सवंगडी त्याला ‘स्पॅरोहॉक’ म्हणू लागतात. आपल्याकडच्या शिक्र्याच्या जातकुळीतला हा पक्षी. हे झाले त्याचे चालते नाव, बाजारात, बंदरात, परक्यांसमोर वापरायचे. तो तेरा वर्षांचा झाला की त्याचे बालनाव काढून घेतले जाते. निनावी, उघड्या अंगाने तो झऱ्याच्या थंडगार पाण्यातून चालत पलीकडच्या काठावर जातो. तिथे ओगियन नावाचा ज्ञाता त्याचा हात धरून कानात त्याचे खरे नाव सांगतो. ते नाव ‘गेड’.

हे खरे नाव ज्या भाषेतले असते ती सृष्टीच्या निर्मितीची आदिभाषा. त्या भाषेत शब्द आणि वस्तू यांत अंतर नाही. ज्याला दगडाचे खरे नाव ठाऊक त्याची दगडावर सत्ता चालते, आणि ज्याला माणसाचे खरे नाव ठाऊक त्याच्या मुठीत तो माणूस असतो. त्यामुळे खरे नाव कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. ते सांगणे म्हणजे आपला जीव दुसऱ्याच्या ओंजळीत ठेवणे. गेडने केलेल्या घोर चुकीनंतर सारे त्याच्यापासून दूर झालेले असतात. तेव्हा व्हेच नावाचा काळासावळा मित्र न मागता त्याला आपले खरे नाव सांगून टाकतो. मैत्रीची याहून मोठी खूण त्या जगात नाही.

या रूढीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खरे नाव सर्वांना मिळते. गुराख्याच्या पोराला मिळते, कोळ्याच्या पोरीला मिळते आणि राजपुत्रालाही मिळते. नावाच्या विधीसाठी कूळ विचारले जात नाही, आणि कुणाचे खरे नाव मुद्दाम हलके ठेवले जात नाही.

आपल्याकडे गुप्त नावाची कल्पना होतीच. आश्वलायन गृह्यसूत्रात मुलाचे एक नाव असे सांगितले आहे की जे उपनयनापर्यंत केवळ आईबापांनीच जाणावे. म्हणजे आपले रहस्य जपण्याचा, स्वतःभोवती एक कुंपण घालण्याचा अधिकार इथेही ओळखला गेला होता. पण उपनयन ज्याला त्याला हा अधिकार. ज्याला उपनयनच नाही त्याच्यासाठी मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वेगळी तरतूद आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असे. जो वर्णाच्याही बाहेर ढकलला गेला त्याची तर या नियमात गणतीच नाही. अर्थसीच्या लेखिकेने जे सर्वांना दिले ते इथल्या शास्त्रकाराने मोजून मापून वाटले, आणि शेवटच्या वाटेकऱ्याच्या पदरात घाण टाकली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. धोंडू, दगडू, कचरू, भिकू ही नावे केवळ आपल्यातच होती असे नाही. मुले जगत नसत तेव्हा दृष्ट लागू नये, काळाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये म्हणून सर्वच जातींत अशी नावे ठेवली जात. हे खरे आहे. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो केशव होते. पण आक्षेप घेणारे अर्धेच सांगतात. नाव एकच असले तरी हाक एक नव्हती. एकाचा धोंडोपंत झाला आणि दुसऱ्याचा धोंड्या राहिला. ‘पंत’ आणि ‘राव’ यांनी दगडाचाही देव केला, आणि ‘या’काराने माणसाचा दगड केला. जात नावात होती त्याहून अधिक हाकेत होती. वयाने साठीला आलेल्या आमच्या आजोबांना पाटलाचे दहा वर्षांचे पोर एकेरीत हाक मारी, तेव्हा ते पोर व्याकरण चुकवत नव्हते. व्यवस्थेचे व्याकरण ते अचूक पाळत होते.

आता अर्थसीच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. ईशान्येला कार्गाद नावाची चार बेटे आहेत. तिथले लोक गोरे आहेत आणि बाकीच्या बेटांवरचे बहुसंख्य लोक तांबूस, सावळे किंवा काळे. कार्गी लोकांत खऱ्या नावाची प्रथा नाही. जन्मतः ठेवलेले नाव हेच त्यांचे नाव, आणि ते उघड असते. त्यांच्यातल्या अतुआन बेटावर जमिनीखालच्या ‘अनामिक’ शक्तींचे एक देवस्थान आहे. तिथली मुख्य पुजारीण मेली की ती ज्या रात्री मेली त्या रात्री जन्मलेली मुलगी शोधायची, ही तीच आहे, पुन्हा जन्मली आहे असे जाहीर करायचे, आणि पाचसहा वर्षांची होताच आईबापांपासून तोडून आणायचे असा तिथला नियम आहे. सफरचंदांच्या बागेतल्या एका गरीब घरातली तेनार अशीच उचलली जाते. विधी करून तिचे नाव काढून घेतात आणि तिला ‘आर्हा’ म्हणू लागतात. आर्हा म्हणजे भक्षिली गेलेली.

इथे आपल्या वाचकाने थांबावे. तेनारचे नाव कशाच्या आधारे हिरावले गेले? तिने काही केले म्हणून नव्हे. तिच्या गतजन्माचा दाखला देऊन या जन्मीचे नाव काढून घेतले गेले. पुनर्जन्माच्या सिद्धांताने माणसाचे काय होते, याचे भाष्य आपल्याला कुणी वेगळे करून सांगायला नको. ‘मागच्या जन्मीचे’ हे दोन शब्द उच्चारले की या जन्मी जाब विचारणारा कुणी उरत नाही. आणि देवाला वाहिलेल्या मुलीची कथा मुरळी आणि जोगतिणींच्या मुलखात परकी कशी वाटेल? पूजेचे स्थान मिळाले म्हणजे मान मिळाला, असे देवस्थानाचे चालक सांगतात. ल ग्विन दाखवतात की हा मान म्हणजे अंधारातली कैद आहे. तेनारला तिथून बाहेर पडायचे बळ केव्हा येते? परका म्हणून पकडलेला गेड तिला तिच्या मूळ नावाने हाक मारतो तेव्हा. तो तिला नवे काही देत नाही. तिचे होते तेच परत करतो.

अशा रीतीने एकाच जगात नावाच्या दोन अवस्था दिसतात. गेडचे नाव झाकलेले आहे. तेनारचे नाव हिरावलेले आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही निनावीच वाटतील. पण झाकण्यात स्वत्व आहे, आणि हिरावण्यात स्वत्वाचा खून आहे. हा भेद ध्यानात ठेवून आता खऱ्या इतिहासाकडे येऊ.

ल ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे कॅलिफोर्निया विद्यापीठातले नामवंत मानववंशशास्त्रज्ञ. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि गोऱ्या वसाहतवाल्यांचे लोंढे आले. त्यानंतरच्या काही दशकांत तिथल्या मूळ रहिवाशांची सर्रास कत्तल झाली. ‘याना’ लोकांची ‘याही’ ही शाखा अशीच संपवली गेली. उरलेले मूठभर लोक वर्षानुवर्षे दऱ्याखोऱ्यांत लपून जगले. ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्यात एक उपाशी, एकटा माणूस सापडला. तो आपल्या लोकांतला शेवटचा होता. त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या मानववंशशास्त्रीय संग्रहालयात आणले गेले. वार्ताहर नाव विचारू लागले. पण त्याच्या लोकांत स्वतःचे नाव परक्याला स्वतः सांगायची रीत नव्हती. ते दुसऱ्या कुणी सांगायचे असते, आणि सांगणारे सारे मारले गेले होते. शेवटी क्रोबरांनी त्याला ‘इशी’ म्हणायचे ठरवले. याना भाषेत इशी म्हणजे माणूस.

तो संग्रहालयात राहिला, लोकांना बाणांची पाती घडवून दाखवत राहिला, आणि २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने मेला. आपले नाव त्याने अखेरपर्यंत सांगितले नाही. क्रोबर तेव्हा दूर होते. त्यांनी शवविच्छेदनाला पत्राने विरोध केला होता, तरी ते झाले. आणि १९१७ साली त्याच क्रोबरांनी त्याचा मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवून दिला. तो तिथे पडून राहिला. २००० साली तो त्याच्या नात्यातल्या जमातींच्या हाती परत आला, तेव्हा कुठे त्याची माती पूर्ण झाली.

इशीची कहाणी १९६१ साली ल ग्विन यांच्या आईने, थिओडोरा क्रोबर यांनी लिहिली. उर्सुलाचा जन्म इशीच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी झाला. त्यांनी अर्थसीची रूढी थेट इशीवरून उचलली, असे विधान मी करणार नाही. नाव गुप्त राखण्याच्या समजुती जगभर आढळतात. नवऱ्याचे नाव उखाण्यातच घेणाऱ्या आपल्या आयाबहिणींनाही त्या ठाऊक आहेत. परंतु ज्या घरात ही कहाणी लिहिली गेली त्याच घरातल्या मुलीने पुढे सात वर्षांनी असे जग लिहिले की जिथे माणसाचे खरे नाव हीच त्याची शेवटची मालमत्ता असते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नजरेआड करू नये. इशीजवळ जमीन नव्हती, माणसे नव्हती, भाषा बोलायला दुसरे तोंड नव्हते. पण नाव होते, आणि ते त्याने कुणाच्याही वहीत जाऊ दिले नाही. त्याचे मौन हा माझ्या लेखी दुबळेपणा नाही, तो नकार आहे.

आणि ज्यांनी त्याला नाव दिले त्यांचे काय झाले? बर्कलेच्या विद्यापीठातल्या एका इमारतीला क्रोबरांचे नाव होते. जानेवारी २०२१ मध्ये विद्यापीठाने ते काढून टाकले. इशीशी झालेली वागणूक, मूळ रहिवाशांच्या थडग्यांतून उकरलेल्या अस्थी, आणि जिवंत असलेल्या ओलोनी लोकांना १९२५ सालच्या ग्रंथात जवळजवळ नामशेष ठरवणे ही त्यामागची कारणे. क्रोबरांनी उतारवयात आदिवासींच्या जमिनीच्या दाव्यात त्यांच्या बाजूने साक्ष दिली होती, हेही नमूद केले पाहिजे. पण विद्वानाच्या लेखणीने ‘हे लोक उरले नाहीत’ असे एकदा लिहिले की सरकारदरबारी ते माणूस असूनही माणूस राहत नाहीत. नाव पुसणे हे केवळ तलवारीचे काम नाही, ग्रंथांनीही ते होते.

ल ग्विन यांच्या पात्रांवरही असाच प्रयोग झाला. त्यांनी नायक तांबूस-सावळा ठेवला होता. पण मुखपृष्ठांवर तो वारंवार गोरा झाला. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत दूरचित्रवाणीवर आलेल्या मालिकेत तर जवळजवळ साऱ्या बेटांचा रंग उडाला, आणि वर गेडची दोन नावेही उलटी झाली. ‘गेड’ हे चालते आणि ‘स्पॅरोहॉक’ हे खरे! ल ग्विन यांनी त्यावर जाहीर निषेध लिहिला. रंग बदलणारे आणि नाव उलटे करणारे एकच होते, हा मला योगायोग वाटत नाही. ज्याला माणसाचा रंग बिनमहत्त्वाचा वाटतो त्याला त्याचे नावही बिनमहत्त्वाचेच वाटणार.

मात्र अर्थसीची व्यवस्थाही निर्दोष नाही. नाव सर्वांना मिळते, पण नावांचे शास्त्र सर्वांना मिळत नाही. रोक बेटावरच्या विद्यापीठात केवळ पुरुषांना प्रवेश आहे. तिथल्या एकाकी मनोऱ्यात नामाचार्य बसून साऱ्या वस्तूंच्या खऱ्या नावांच्या याद्या विद्यार्थ्यांकडून घोकून घेतो. खेड्यातल्या चेटकिणी मुलांची नावे ठेवतात, बाळंतपणे करतात, गुरे बरी करतात, पण त्यांची विद्या हलकी आणि दुष्ट समजली जाते. मनोऱ्यातले ज्ञान ते ज्ञान, आणि चुलीपाशी बसलेले ज्ञान ते चेटूक! वेदविद्येची आणि लोकविद्येची हीच वाटणी आपल्याकडेही होती.

लेखिकेच्या मोठेपणाची खूण अशी की ही त्रुटी तिने पुढे स्वतःच लिहून तपासली. ‘तेहानू’मध्ये ओगियन मरतो. मरताना तो आपले खरे नाव ‘ऐहाल’ तेनारला सांगतो, कारण मेलेल्याला त्याच्या नावाने पुरायचे असते. दोन विद्वान जादूगार येतात आणि प्रेत कुठे न्यायचे यावर वाद घालू लागतात. तेनार ते नाव त्यांच्यापुढे उच्चारते. त्यांना ते ऐकूच येत नाही, कारण बोलणारी एक खेडवळ, परमुलखातली, शेतकऱ्याची विधवा असते. सत्य समोर उच्चारले गेले तरी उच्चारणाऱ्याचे तोंड पाहून ते ऐकायचे की नाही हे ठरते. सभागृहांत आणि कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसलेल्या आपल्यापैकी कितीकांनी हा अनुभव घेतला आहे! त्याच पुस्तकातल्या भाजून विद्रूप झालेल्या, टाकून दिलेल्या मुलीचे खरे नाव शेवटी ना आचार्य देतो ना चेटकीण. ते ड्रॅगन उच्चारतो. तेहानू हे ते नाव, अतुआनवर एका ताऱ्याला दिलेले.

शेवटच्या पुस्तकात तर लेखिका मुळावरच घाव घालते. खऱ्या नावाच्या बळावर मृत्यूलाही जिंकू पाहणाऱ्या प्राचीन जादूगारांनी ड्रॅगनांच्या भूमीचा एक भाग भिंत घालून तोडला. त्यातून मृतांचा एक कोरडा देश तयार झाला. तिथे माणसांची नावे शिल्लक आहेत, पण वारा नाही, प्रेम नाही. जिवलग एकमेकांशेजारून न बोलता जातात. शेवटी ती भिंत पाडावी लागते. ज्यांनी नावांची मक्तेदारी केली त्यांनी आपल्याच मृतांना कैद केले होते, असा याचा अर्थ मी घेतो.

आपल्या इतिहासाला हा अर्थ लावून पाहावा. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या वस्त्यांत गौतम, सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, सुजाता ही नावे घरोघर आली. हे केवळ धर्मांतराचे बाह्य चिन्ह नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना नाव ठेवले गेले होते त्यांनी प्रथमच स्वतः नाव ठेवले. मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचेच अंतर आहे. ते अंतर ओलांडायला आपल्याला शतके लागली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. या मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळली आणि माणसे मारली गेली. ‘नावात काय आहे’ असे शहाजोगपणे विचारणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. नावात काहीच नसते तर ते देताना एवढा रक्तपात का झाला? जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, म्हणजे प्रजासत्ताक सत्तर वर्षांचे झाल्यावर.

पण नाव बदलले म्हणजे काम संपले असे मी मानत नाही. आता आडनाव विचारले जाते. ‘तुमचे पूर्ण नाव काय’ हा प्रश्न भाड्याची खोली शोधताना कानावर पडतो, तेव्हा तो कशासाठी आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. अर्थसीत खरे नाव विचारणे असभ्य मानतात, कारण त्यातून सत्ता मिळते. आपल्याकडे ते विचारणे सभ्यतेत मोडते, तेही सत्ता मिळते म्हणूनच.

म्हणून विद्यार्थी मित्रांना माझे एक सांगणे आहे. गावी जाल तेव्हा आपल्या आज्यांची, पणज्यांची नावे विचारा. सासरी बदललेली नव्हे, माहेरची. आजोबांना गाव काय म्हणून हाक मारी आणि घर काय म्हणून, ही दोन्ही रूपे लिहून घ्या. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी कोणते रूप लिहिले तेही पाहा. आपल्या लोकांच्या सनदा नाहीत, ताम्रपट नाहीत. ही नावे हीच आपली कागदपत्रे आहेत, आणि ती सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. इशीचे नाव सांगणारे कुणी उरले नव्हते. आपल्याकडे अजून आहेत, तोवर हे काम झाले पाहिजे.